निनादचा डावा गुडघा

मी बरा झालो. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण हीच गोष्ट योग्य माणसाला योग्य वेळी सांगितली नाही म्हणून पुढचा सगळा घोळ झाला. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या अंकाच्या संपादकांनी "आजारपणातून काय शिकलात, चार पानं लिहा" असं सांगितलं, तेव्हा त्यांना बहुधा ध्यानधारणा, गव्हांकुराचा रस आणि सकारात्मक विचार अपेक्षित असावेत. गव्हांकुराचा रस मी एकदा प्यायलो. केमोपेक्षा वाईट चवीची एक वस्तू जगात आहे एवढं त्यातून शिकलो. बाकी जे शिकलो ते उशिरा शिकलो आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या गुडघ्याने भरली.

गाठ

आम्ही ओहायोतल्या डब्लिनमध्ये राहतो. २००६च्या जानेवारीत एका सकाळी ऑफिसला निघताना मफलर गुंडाळला आणि मानेच्या डाव्या बाजूला बोटांना हरभऱ्याएवढं काहीतरी लागलं. मी कॉम्प्युटरवाला माणूस. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं की निम्मे आजार जातात, हा माझा धंद्यातला अनुभव. म्हणून त्या दिवशी लवकर झोपलो. सकाळी हरभरा जागेवर होता.

मग मी दाताला दोष दिला. मग उशीला. मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून मान शेकली, त्यात मानेला एक लाल चट्टा पडला आणि तो लपवायला मफलर घरातही घालू लागलो. तीन आठवड्यांत हरभऱ्याची सुपारी झाली. माझी बायको मंजिरी एके दिवशी मफलर ओढून म्हणाली, "सुपारीचा आंबा व्हायची वाट बघतोयस का?"

फेब्रुवारीत तुकडा काढून तपासला. डॉक्टरीणबाई उंच, शांत, खास ओहायोच्या. त्यांनी सांगितलं, लिम्फोमा आहे. मग म्हणाल्या, कॅन्सर निवडायचाच असेल तर माणसाने हा निवडावा, हा बरा होणाऱ्यांपैकी आहे. मी निवड मागितली नव्हती, पण मान डोलावली. दर पंधरा दिवसांनी केमो, एकूण बारा, ऑगस्टमध्ये संपेल. "फॉलमध्ये तुम्ही स्टेडियममध्ये बसून ओरडत असाल," त्या म्हणाल्या. फॉल म्हणजे सप्टेंबरनंतरचा फुटबॉलचा हंगाम; इथे सगळी मोजमापं त्यातच करतात.

हे वाक्य मंजिरीने तिच्या निळ्या वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं. मी ते ऐकलं. दोघांनी ऐकलं, हे लक्षात ठेवा.

परत येताना गाडी ती चालवत होती. कोलंबस शहराभोवती जो गोल हायवे आहे, त्यावरचा आमचा एक्झिट आला आणि गेला. मग विमानतळ गेला, दक्षिणेकडचे कारखाने गेले आणि तासाभराने तोच एक्झिट पुन्हा आला. शहराला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली होती आम्ही. तेव्हा मी पहिलं वाक्य बोललो.

"निनादला सांगायचं नाही. त्याची मिडटर्म आहे."

मंजिरी म्हणाली, "अरे, तो वीस वर्षांचा आहे."

"माझ्या बारावीच्या वेळी आजोबा गेले. मला शेवटचा पेपर देऊन आल्यावर सांगितलं. माझं काय बिघडलं?"

"तू अजून दर वर्षी ते बोलून दाखवतोस," ती म्हणाली आणि एक्झिट घेतला.

पण सांगितलं नाहीच. आपल्याकडे परीक्षा सुरू असताना यमालाही बाहेर चपला काढून थांबायला सांगतात.

मी आणि एप्रिलची मॅच

इथे थोडं फुटबॉलबद्दल सांगायला हवं. निनाद, आमचा एकुलता एक मुलगा, इथून अडीच तासांवरच्या एका छोट्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता आणि तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये किकर होता. म्हणजे बाकीचे एकमेकांना आदळत असतात तेव्हा हा बाजूला बसतो आणि चेंडू दोन खांबांमधून लाथाडायची वेळ आली की त्याला बोलावतात. लहानपणी सॉकर खेळायचा, उजवा पाय दणकट. पहिली दोन वर्षं तो राखीव होता. मी एकदा जाऊन त्याला बाकावर बसलेला पाहून आलो होतो. पण त्याच्या आधीचा मुख्य किकर पास होऊन निघून गेला आणि कोचने निनादला सांगितलं, फॉलपासून जागा तुझी.

एप्रिलमध्ये या टीम आपल्यातच दोन तट पाडून एक मॅच खेळतात, तिला स्प्रिंग गेम म्हणतात. निम्मे लाल शर्टात, निम्मे पांढऱ्या. समोर परका कोणी नाही, निकाल कुठे धरला जात नाही, तरी लोक तिकीट काढून बघायला येतात आणि मुलं खरोखर जखमी होतात. ऑफिसात माझ्या शेजारी डेल नावाचा कट्टर फुटबॉलवाला बसायचा. त्याच्याशी मी यावरून दर वर्षी भांडायचो.

"लग्नाआधी कोणी नटूनथटून खोटं लग्न लावतं का?" मी एकदा विचारलं.

"लावतो की," डेल म्हणाला. "आदल्या दिवशी चर्चमध्ये लग्नाची रंगीत तालीम असते. वर जेवणही असतं."

तो मुद्दा मी हरलो, पण मत बदललं नाही. ज्याची जागा पक्की आहे त्याने हातपाय का मोडून घ्यावेत? मी हे इतक्या जोरात सांगायचो की कँटीनमधली माणसं बशा घेऊन दुसऱ्या टेबलावर जायची.

आपलीच माणसं आपल्याशी झुंजतात यावरून मला माझ्या पेशींची आठवण झाली. डॉक्टरीणबाईंना मी ही उपमा ऐकवली. त्या म्हणाल्या, "तसं नसतं ते."

खुर्ची नंबर चार

केमोची खुर्ची आरामाची असते हे नव्या मंडळींना सांगून ठेवतो. मागे रेलते, पाय वर होतात. चार नंबरच्या खुर्चीतून पार्किंग दिसायचं आणि पार्किंगमध्ये मला घेऊन आलेला वानखेडे दिसायचा. वानखेडे नागपूरचा, आमच्याच ऑफिसात, दोन गल्ल्या सोडून राहतो. एक केमो मंजिरी, एक केमो वानखेडे, अशी वाटणी होती. त्याला आत यायची भीती वाटे, म्हणून तो चार तास गाडीत बसून रेडिओ ऐके.

औषधांपैकी एक लालभडक असतं, जत्रेतल्या सरबतासारखं. नर्स ते द्यायला आली की आधी अंगावर गाऊन चढवायची, जाड हातमोजे घालायची आणि मग ती पिचकारी उचलायची. जी वस्तू हातमोज्यांशिवाय धरवत नाही ती आपल्या शिरेत जाणार, हा विचार करत बसू नये. तिने मला बर्फाचे तुकडे चघळायला दिले आणि म्हणाली, तोंडातल्या चट्ट्यांना हा उतारा आहे. खरंच उपयोग झाला. शेजारच्या खुर्चीत एक म्हातारा शेतकरी असायचा, टोपी डोळ्यांवर ओढलेला. पहिल्या पाच केमोंत एक शब्द बोलला नाही. सहाव्या केमोला मी कुडकुडत होतो तेव्हा त्याने आपलं गरम पांघरूण माझ्या पायांवर टाकलं आणि पुन्हा टोपी ओढली.

घरी फोडणीचा वास सहन होईना. मंजिरीने इलेक्ट्रिक शेगडी गराजमध्ये नेली आणि अंगावर कोट, डोक्याला टोपी घालून, शून्याखालच्या तापमानात, गाडीशेजारी उभी राहून आमटीला फोडणी द्यायला लागली. तिने याबद्दल कधी काही म्हटलं नाही. आज लिहिताना मला त्या फोडणीची लाज वाटते.

वानखेडेने शब्द पाळला

रविवारी निनादचा फोन यायचा. मी घसा खाकरून, पोटातून आवाज काढून, आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखा बोलायचो. पण मार्चमध्ये त्याला आठवड्याची सुट्टी लागली आणि तो म्हणाला, घरी येतो. माझ्या डोक्यावर तोवर एकही केस उरला नव्हता. आम्ही त्याला सांगितलं, छे, घरी कशाला येतोस, मित्रांबरोबर फ्लोरिडाला जा, समुद्रावर मजा कर.

जन्मात ज्या आईबापांनी मुलाला मित्राच्या घरी रात्री राहू दिलं नाही, त्यांनी फ्लोरिडाचा आग्रह केल्यावर मुलगा काय समजणार? त्याने वानखेडेला फोन लावला. वानखेडेने मला शब्द दिला होता.

"मी काईच सांगितलं नाही, लेले भाऊ," तो नंतर म्हणाला. "त्यानं विचारलं, काका, बाबा कसे आहेत. मी बोलाले गेलो तर आवाजच निघून नाही राहिला. मंग रडू आलं. आता रडणं म्हणजे काय सांगणं असते काय?"

अशा रीतीने वानखेडेने शब्द पाळला आणि निनादची खात्री झाली की बाप मरतोय.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गराजचं दार उघडून आत आला. समोर आई कोट घालून मोहरी तडतडवत उभी. "आई, व्हाय आर यू कुकिंग इन द गराज?" एवढंच मला आत ऐकू आलं. मग तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. माझ्या डोक्याकडे बघितलं. खाली बसला आणि माझे पाय मांडीवर घेतले.

गेली दोन वर्षं आमचं बोलणं म्हणजे "हं", "ओके" आणि "आईला दे" एवढंच होतं. त्या दुपारी तो चार तास बोलला. अर्धं मराठी, अर्धं इंग्लिश. कोचबद्दल, एका मुलीबद्दल, गणिताच्या एका पेपरबद्दल ज्यात तो नापास झाला होता आणि आम्हाला माहीत नव्हतं. मधूनच माझ्या तळपायांवर हात फिरवायचा.

मला कळलं होतं. त्याच्या मनात काय आहे हे मला पहिल्या दहा मिनिटांत कळलं होतं. एक वाक्य पुरेसं होतं: बाळा, मी ऑगस्टमध्ये बरा होणार आहे. पण ते वाक्य बोललो असतो तर तो उठून फ्रिज उघडायला गेला असता असं मला वाटलं. मी गप्प बसलो. नुसता गप्प नाही, थोडा खोकलोदेखील.

संध्याकाळी मंजिरीने मला हळूच विचारलं, "डॉक्टर काय म्हणाल्या ते सांगितलंस ना त्याला नीट?"

"सांगितलं," मी म्हणालो.

निघताना निनाद म्हणाला, "बाबा, फॉलमध्ये मी स्टार्ट करणार. यू हॅव टू कम." आणि मी, ज्याला आयुष्यात शाळेच्या गॅदरिंगमध्येही भाला धरून उभं राहण्यापलीकडे काम मिळालं नाही, तो मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, "फॉलचं कोणी पाहिलंय, बाळा?"

तो दारातून परत वळला. मग म्हणाला, "देन कम टू द स्प्रिंग गेम."

लाल विरुद्ध पांढरे

चार दिवसांपूर्वीच केमो झाली होती. पांढऱ्या पेशी तळाला, गर्दी टाळा अशी सूचना. उघड्या मैदानावरची गर्दी ही गर्दी असते का, हे मी डॉक्टरीणबाईंना मुद्दाम विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं. मंजिरी नको म्हणत होती. मी म्हणालो, "एकदा त्याला खेळताना बघू दे गं." तिने दोन पांघरुणं काढून ठेवली. या "एकदा"चा अर्थ तिला लागला नाही. तिला वाटलं, आजारी माणसाचा हट्ट आहे.

वानखेडेने गाडी काढली. वाटेत म्हणाला, "जे मॅच मोजतच नाही ते पाहाले अडीच तास जायचं म्हणजे तुमचं पोरावरचं प्रेमच मानावं लागते." एरवी मी या विषयावर तासभर बोललो असतो. त्या दिवशी मला ती मॅच जगातली सर्वांत आवश्यक वाटत होती.

पावसाची बारीक भुरभुर होती. मी मास्क, टोपी आणि दोन पांघरुणं घेऊन पहिल्या रांगेत बसलो. निनाद लाल शर्टात होता. सराव करताना तो डावा पाय जरा जपून टेकतोय असं मंजिरी म्हणाली. मी म्हटलं, गवत ओलं आहे.

पहिली किक सरळ खांबांमधून गेली. अख्खी टीम, लाल आणि पांढरे दोन्ही, माझ्या दिशेने वळली आणि त्यांनी मुठी वर केल्या. मला वाटलं, ही इथली पद्धत असेल. मीही मूठ वर केली.

दुसरी किक लांबची होती. निनाद चार पावलं धावला, डावा पाय रोवला आणि तो पाय गवतावरून सरकला. गुडघा एकीकडे गेला, बाकीचा निनाद दुसरीकडे. त्याच्या आसपास कोणी नव्हतं. कोणी धक्का दिला नाही. तो पडला आणि उठला नाही. चेंडू गेला की नाही, हे मी आजतागायत कोणाला विचारलेलं नाही.

मैदानाबाहेरच्या खोलीत त्याला आडवं केलं होतं. टीमची फिजिओ, केस मागे बांधलेली तिशीतली मुलगी, बर्फ बांधत होती. मला बघून ती उठली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "गुडघा फेब्रुवारीपासून सुजलेला आहे. आज बस म्हणून मी त्याला तीनदा सांगितलं. तो म्हणाला, वडील फॉलला नसतील."

गुडघ्याचं त्याने घरी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. लपवण्याची विद्या घरातूनच घेऊन गेला होता.

मग कोच आला. सहा फूट चार इंच, टोपी काढून हातात घेतलेली. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. "सर, आम्ही सगळे तुमच्यासाठी प्रार्थना करतोय. त्याची जागा पक्की होती, त्याला आज खेळायची गरज नव्हती. पण तुम्ही बघायला येणार म्हणाला, मग मला नाही म्हणवेना."

तोंड उघडायची ती वेळ होती. टेबलावर माझा मुलगा भिंतीकडे तोंड करून पडला होता. मंजिरी अजून गर्दीतून वाट काढत येत होती. मी कोचला म्हणालो, "थँक यू."

दोन सोफे

तिसऱ्या दिवशी मला ताप भरला. अर्थातच. पाच दिवस हॉस्पिटलात, शिरेतून अँटिबायोटिक, दारावर मास्कची पाटी. त्याच आठवड्यात निनादच्या गुडघ्याचा फोटो आला, आतला दोर, म्हणजे लिगामेंट, तुटला होता. ऑपरेशन मेमध्ये, परीक्षा आटोपल्यावर. एवढं मात्र आमच्या परंपरेला धरून झालं.

मंजिरीचा तो महिना कसा गेला हे मी सांगू शकत नाही, कारण तिने सांगितलं नाही. तिची निळी वही दोन्ही बाजूंनी सुरू झाली. पुढून माझी औषधं, मागून निनादची. हॉलमध्ये दोन सोफे समोरासमोर. एकावर बिनकेसांचा बाप, दुसऱ्यावर पायाला पट्ट्यांची चौकट बांधलेला मुलगा. आम्ही दोघं एकाच रिमोटवरून भांडायचो आणि मधे ती खिचडीच्या दोन वाट्या घेऊन उभी असायची.

मी कबुली दिली, असं लिहायला मला फार आवडलं असतं. चार वेळा घसा खाकरला होता. पण झालं असं की एका दुपारी निनाद कुबड्या घेऊन स्वयंपाकघरात गेला. मी झोपलोय असं दोघांना वाटलं.

"आई, बी ऑनेस्ट. बाबाकडे किती वेळ आहे?"

"कसला वेळ?"

"हाऊ लाँग विल ही लिव्ह?"

भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. "अरे, काय बोलतोयस? ऑगस्टमध्ये केमो संपते. मग तपासण्या, मग ऑफिस. तुला बाबांनी सांगितलं ना डॉक्टर काय म्हणाल्या ते? मार्चमध्येच?"

"नो."

खण उघडला. पानं उलटली. मग मंजिरीने वहीतून ते वाक्य वाचलं, स्टेडियमचं, ओरडण्याचं. मी डोळे मिटून पडून होतो. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस झोपेचं सोंग घेऊन पडला होता.

कुबड्या हॉलमध्ये आल्या आणि सोफ्याजवळ थांबल्या.

"बाबा, तू जागा आहेस."

मी डोळे उघडले.

"एप्रिलमध्ये तुला माहीत होतं?"

"हो."

"व्हाय?"

माझ्याकडे पाच-सहा उत्तरं तयार होती, त्यातली दोन विनोदी. मी खरं ते सांगितलं. "तू माझ्याशी बोलायला लागला होतास."

त्याने एक कुबडी सोफ्याला टेकवली. रागाने ओरडला असता तर बरं झालं असतं. तो समजावल्यासारखं म्हणाला, "बाबा, तुला कॅन्सर होता. मी तसाही बोललो असतो."

मंजिरीने मला एक शब्द ऐकवला नाही. त्या दिवशी संध्याकाळची फोडणी मात्र तिने गराजमध्ये दिली नाही. स्वयंपाकघरातच दिली, लसणीची, दार सताड उघडं ठेवून. मी ती हुंगली आणि उलटी करून आलो, आणि ते ठीकच झालं.

असावी की नसावी

ऑगस्टमध्ये डॉक्टरीणबाईंनी हात मिळवला. मी साफ होतो. निनाद परत कॉलेजला गेला, पण मैदानावर नाही. त्या हंगामात त्याच्या जागी पहिल्या वर्षाचा एक मुलगा खेळला आणि चांगला खेळला. मी एका शनिवारी गेलो. डॉक्टर म्हणाल्या होत्या तसा स्टेडियममध्ये बसलो. ओरडलो नाही. निनाद हातात पाटी घेऊन दुसऱ्याच्या किकांची नोंद करत होता.

ऑफिसात डेल म्हणाला, "तुझंच बरोबर होतं. ही मॅच बंद केली पाहिजे." इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी वाद जिंकलो होतो आणि मला तो नको होता. दिवाळीत वानखेडेही तेच म्हणाला, "बंदच करा म्हण ना बे त्या कोचले. फुकट पोरांचे पाय मोडून राहिले."

निनाद चकली खात बसला होता. "नो, काका. तीच एक मॅच असते जिथे चुकलं तर चालतं. फॉलमध्ये मिस केलं तर सगळी टीम हरते. एप्रिलमध्ये मिस केलं तर कोच नुसतं बघतो. आय लाइक इट."

"मंग तुझा पाय?"

निनादने माझ्याकडे बघितलं नाही. "दॅट वॉज समथिंग एल्स," तो म्हणाला आणि दुसरी चकली घेतली.

मी तिथेच होतो, दोन हातांवर. मला कोणी मत विचारलं नाही.

ज्यांना आज निदान झालंय त्यांना सांगायचं ते एवढंच. मुलांना सांगा. आजार सांगा आणि त्याच बैठकीत डॉक्टरांनी दिलेली आशाही सांगा, दोन्ही एकाच दमात. वाईट बातमी लपवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती. चांगली बातमी लपवणारा मीच पहिला निघालो. आजारी माणसाला खूप प्रेम मिळतं. ते मिळालं की हावरटासारखं जास्त मागू नका.

या वर्षीचा एप्रिल

यंदा मार्चमध्ये निनादचा फोन आला. गुडघा भरून आला होता, किकरच्या जागेसाठी तो पुन्हा झगडत होता.

"बाबा, स्प्रिंग गेम आहे. मी खेळेन बहुतेक."

"गुडघा?"

"फिजिओने क्लिअर केलंय. तिचा ईमेल आईला फॉरवर्ड केलाय." आईला.

"आम्ही येतो मग. वानखेडेला सांगतो गाडी काढायला."

"आई येऊ दे. काका येऊ दे. तू नको येऊस."

"का रे?"

"तू असलास की मला नाही म्हणता येत नाही," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. मला त्याने एक नियम सांगितला होता, बस.

त्या शनिवारी मंजिरी आणि वानखेडे सकाळीच गेले. मी घरी. दोनदा पेपर वाचला, मग गवत कापायला घेतलं. निम्मं कापून झालं होतं तेव्हा खिशातला फोन वाजला.

"वॉर्म-अपमध्ये गुडघा जरा आखडला त्याचा," मंजिरी म्हणाली. मागे बँडचा आवाज येत होता. "तो बसला."

"बसला? स्वतःहून?"

"स्वतःहून. कोचकडे गेला, दोन वाक्यं बोलला, परत येऊन बाकावर बसला. दुसरा मुलगा खेळतोय."

"जागा जाईल का त्याची?"

"काय माहीत. जाईलही."

"माझ्याबद्दल काही विचारलं?"

"नाही," ती म्हणाली. "बरा दिसतोय. शेजारच्याशी हसत बोलतोय."

मी फोन खिशात ठेवला, मशीनची दोरी ओढली आणि उरलेलं गवत कापून टाकलं.